मोठ्यांच्या प्लेटी धरलेल्या नाहीत

रविवारपासून मला एक समोसा छळतोय. खाल्लेला नव्हे, न मिळालेला.

कन्या सीनियर केजीत. वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस, वाकडच्या एका प्ले झोनमध्ये, पाच ते साडेसात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निमंत्रणात डायनासोर होता, इंद्रधनुष्य होतं, नकाशाची लिंक होती. आईबापांनी थांबायचं की नाही, एवढंच नव्हतं.

सोडून घरी जावं, तर आम्ही कोथरूडचे. मध्ये चांदणी चौक. जुना पूल २०२२ मध्ये पाडला, नवे रस्ते २०२३ मध्ये सुरू झाले, पण आपला फाटा कुठला हे ठरवेपर्यंत माणूस मुळशीच्या वाटेला लागलेला असतो. घरी पोचून चहा टाकला की परत निघायची वेळ. शिवाय प्ले झोनच्या दारात एक फॉर्म भरून घेतला. इजा झाल्यास जबाबदारी पालकांची, पालकांनी आवारातच थांबावे. घरचे मोजे चालत नाहीत म्हणून तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजेही विकत घ्यायला लावले. सही केली, पैसे दिले, थांबलो.

खाण्याच्या टेबलापाशी उत्सवमूर्तीचे आजोबा बसले होते. खिशाला दोन पेनं, मांडीवर वही. चेहऱ्यावर बँकेत तीस-पस्तीस वर्षं टोकन वाटल्याचा भाव.

"आपण?"

मी कन्येचं नाव सांगून म्हटलं, "तिचा बाबा."

त्यांनी वहीत बघितलं. "आत गेली ती. पाच वाजून दहा मिनिटांनी."

"हो."

"मग आपण?"

या प्रश्नाला काय उत्तर असतं? मी म्हटलं, "थांबलोय."

"थांबा की! गैरसमज नको हं. चाळीस प्लेटी सांगितल्यात. चारशे वीसला एक, वर जीएसटी. मुलं अडतीस. मोठ्यांच्या धरलेल्या नाहीत."

"मग दोन उरतात," मी म्हणालो. खायचं म्हणून नव्हे, हिशोब म्हणून.

"त्या राखीव आहेत. एखादं मूल सांडतं."

"नाही काका, मला काही नकोच आहे."

"छे छे, असं कसं! आमच्याकडे आलात आणि काही न घेता?" त्यांनी टेबलावर नजर फिरवली. समोशांवरून, सँडविचवरून, नूडल्सवरून ती पुढे सरकली आणि जगपाशी थांबली. "पाणी घ्या."

घेतलं. ग्लास संपायच्या आत ते म्हणाले, "नुसते उभेच आहात, तर तेवढं त्या निळ्या टी-शर्टवाल्याला शू करवून आणता? मघापासून पाय आवळतोय."

निळ्या टी-शर्टवाल्याचे आईबाप त्याला दारात सोडून समोरच्या मॉलमध्ये गेले होते. जाताना मला म्हणालेही होते, "तुम्ही आहातच ना!" हे वाक्य त्या संध्याकाळी मला निरनिराळ्या जोडप्यांनी ऐकवलं. त्याला नेऊन आणेपर्यंत दुसऱ्याची चेन अडकली, तिसरीचा मोजा हरवला, आणि एक मुलगी मला 'दादा, केचप' म्हणाली. मी तिथला माणूस आहे असं तिला वाटलं. आजोबांनी तिला दुरुस्त केलं नाही.

आमच्या लहानपणी वाढदिवस घरी व्हायचा. सकाळी पाट, अंगठी-सुपारीनं औक्षण. संध्याकाळी आळीतली पोरं आपली आपण यायची, वेफर्स, वडा आणि केकचा तुकडा खाऊन, रसना पिऊन आपली आपण जायची. मित्राच्या वाढदिवसाला माझे बाबा आले असते, तर त्याच्या घरच्यांना वाटलं असतं, काहीतरी वाईट बातमी आहे. पण तो मित्र तीन घरं सोडून राहायचा. त्याच्याकडे जायला हायवे लागत नसे, आणि तिथे लहान मुलांनी शिडीनं वर जाऊन पाच फुटांवरून चेंडूंच्या हौदात उड्याही मारायच्या नसत. फुग्यांच्या पाकिटावरसुद्धा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आठ वर्षांखालच्या मुलांजवळ मोठं माणूस हवं, फुटक्या फुग्याचा तुकडा घशात अडकतो. इथे छतभर फुगे, आणि मोठं माणूस म्हणून मी आणि भिंतीला टेकलेल्या चार-पाच आया. त्यांच्याही हातात दुसऱ्यांच्याच मुलांच्या बाटल्या होत्या. त्यांना 'मग आपण?' असं कुणी विचारलं नव्हतं. आई थांबणारच, असं धरलेलं असतं. प्लेटी मात्र त्यांच्याही धरलेल्या नव्हत्या.

सात वाजता मुलं जेवायला बसली. बसली म्हणजे समोशाचा एक कोपरा चावून, नूडल्स एकमेकांच्या डोक्यावर ठेवून पुन्हा हौदाकडे पळाली. चारशे वीस अधिक जीएसटीच्या प्लेटी जवळजवळ भरलेल्याच काळ्या पिशवीत गेल्या. त्या पिशवीचं तोंड कोणी धरलं होतं, हे वेगळं सांगत नाही. आजोबा शेजारी उभं राहून वहीत खुणा करत होते. एकानेही सांडलं नाही. राखीव दोन प्लेटी फॉइलमध्ये गुंडाळून त्यांनी आपल्या पिशवीत ठेवल्या आणि मला म्हणाले, "तुमची फार मदत झाली हो. पुढच्या वर्षी पण या."

तेवढ्यात मॉलवाले हातात कॉफीचे ग्लास घेऊन आले, पोराला रिटर्न गिफ्टसकट उचललं, गेले. त्याने शू केली का, एवढंही विचारलं नाही.

काल आणखी एक निमंत्रण आलं. या वेळी युनिकॉर्न, स्थळ हिंजवडी. मी लगेच लिहून विचारलं, "पालकांनी थांबायचं आहे, की मुलांना सोडून जायचं?"

दोन निळ्या टिक आल्या. रात्री उशिरा उत्तर आलं, "हो, नक्की!"