खुलासा : 'कलम ३०९'चा फॉरवर्ड जुना आहे

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'आत्महत्येचा प्रयत्न हा कलम ३०९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे नाव-फोटो छापायला पत्रकार मोकळे.' यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

३०९ हे कलम जुन्या भारतीय दंड संहितेतलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते नाही. सरकारी नोकरावर दबाव आणायला असा प्रयत्न केला, तरच कलम २२६ लागतं. त्याआधीही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं होतं. पण 'गुन्हा' हा शब्द काही जिभेवरून जात नाही. मुळात 'आत्महत्या' या शब्दातच 'हत्या' आहे म्हणा.

आता नाव-फोटो. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, कलम २४. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये सांगितलंय : आत्महत्येची बातमी ठळक जागी नको, पद्धतीचं वर्णन नको, ठिकाणाचा तपशील नको, फोटो नको.

मेसेजसोबतच्या फोटोत मुलीचा चेहरा धूसर केलाय. मागे मात्र हॉस्टेलची पाटी आणि खोली क्रमांक स्वच्छ वाचता येतो. पेठेत ओळख पटायला एवढं पुरतं.

फोटो पुढे पाठवला असेल तर डिलीट करा. कुणाला बोलायचं असेल तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन : १४४१६, मोफत, चोवीस तास.