पेसलीहून, कोयरीच्या वादाविषयी

प्राडाने 2025 च्या जूनमध्ये मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हापासून आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर परकीयांनी आपले काय काय पळवले याची यादी वाढतच चालली आहे. चपलांपुरता तो राग मलाही पटला होता. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे (ते महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतील आठ जिल्ह्यांना मिळून आहे, हे आमच्या ग्रुपवर कोणी बोलत नाही), आणि आधी काहीच न बोलणाऱ्या कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करायला लावणे योग्यच होते. पण आता गाडी कोयरीवर आली आहे. पैठणीच्या पदरावरची, मेंदीतली, हळदीकुंकवाच्या करंड्याची आपली कोयरी स्कॉटलंडमधल्या पेसली नावाच्या गावाने चोरली, तिला स्वतःचे नाव चिकटवले (इंग्रजीत या नक्षीला 'पेसली'च म्हणतात) आणि त्यावर गबर झाले, तेव्हा सरकारने ती परत मिळवावी, असा एक मजकूर फिरत आहे. त्याखाली नाशिकच्या माझ्या मावसबहिणीने लिहिले, "ताई, तू त्याच गावात राहतेस ना? तुला काहीच कसं वाटत नाही?"

आरोपातला खरा भाग आधी मान्य करते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून काश्मिरी शाली ब्रिटनमध्ये आल्या, त्या परवडत नसलेल्या बायकांसाठी आधी एडिंबरा आणि नॉरिच येथे व 1805 च्या सुमारास पेसलीत त्यांच्या नकला विणल्या जाऊ लागल्या, आणि भोके पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणणारा जॅकार्ड माग आल्यावर या गावाने बाकीच्यांना मागे टाकले. नवीन काश्मिरी शाल लंडनला उतरली की तिच्या नक्षीचे कागद पेसलीत पोहोचत. याहून उघड प्रकार सरकारी होता. इंडिया ऑफिसमधल्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या सरकारी खात्यातल्या, जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी 1866 मध्ये भारतीय कापडाच्या 700 नमुन्यांचे 18 खंड तयार केले, कापडाचे खरे तुकडे चिकटवून त्यांचे 20 संच केले, आणि त्यांतले 13 ब्रिटनमध्येच ठेवले. भारतात काय खपते ते कारखानदारांना हाताळून पाहता यावे आणि तसेच त्यांनी विणावे, हा हेतू त्यांनी लपवलाही नव्हता. ग्लासगोच्या पश्चिमेला लेव्हन नदीच्या खोऱ्यात लाल रंगाच्या सुती कापडावर मोर छापून ते मुंबईला पाठवले जात होते, आणि आपल्याच पूर्वजांनी ते आवडीने विकत घेतले. हे सारे नाकारण्याचे मला कारण नाही.

मला खटकतो तो "आपली" हा शब्द. ज्या आकारावरून हा वाद आहे त्याचा शालींवरचा माग काढत गेले तर सतराव्या शतकात एक सरळ उभे फुलझाड दिसते, मुळांसकट, मोगल चित्रांत असते तसे. पुढच्या शतकात त्या झाडाची पाने-फुले दाटत जाऊन त्याचा गुच्छ होतो, त्याचा शेंडा एका बाजूला झुकतो, आणि एकोणिसाव्या शतकात बाह्यरेषा पक्की होऊन तो आकार इतका लांबट व वळणदार होतो की कधीकाळी ते झाड होते हे सांगावे लागते. या प्रवासात इराणचा हात आहे, काश्मीरच्या नक्काशांचा आहे आणि फ्रेंच दलालांचाही आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे दलाल श्रीनगरात बसून पॅरिसच्या पसंतीच्या नक्षी विणकरांकडून करून घेत होते. म्हणजे जी लांब शेपटीची कोयरी आपण प्राचीन म्हणून मिरवतो तिच्या घडणीत युरोपच्या बाजाराचाही वाटा आहे. आपण तिच्यात आंबा पाहिला आणि तिला घरात घेतले, ते छानच झाले, पण एवढ्यावरून काश्मीरच्या शालीचा सातबारा नाशिककरांच्या नावावर होत नाही.

शिवाय चोर म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते ते पेसलीचे विणकर होते तरी कोण, हेही पाहायला हवे. 1841 ते 1843 च्या मंदीत इथल्या शालींच्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या, नगरपालिकेचे दिवाळे निघाले आणि हजारो माणसे मदतीच्या अन्नावर जगली. विणकरांची दशा पाहून व्हिक्टोरिया राणीने 1842 मध्ये मुद्दाम पेसलीच्या शाली विकत घेतल्या. या शालीत रंगीत धागे जागच्या जागी धरून ठेवणारा एक बारीक आडवा धागा असतो, स्मा शॉट. शाल पूर्ण झाली की तो दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून मालक त्याचे पैसे देत नसत. विणकराने तो स्वतःच्या खिशातून घालावा अशी पद्धत होती. वर्षानुवर्षे भांडून 1856 मध्ये विणकरांनी त्या धाग्याची मजुरी मिळवली. दर जुलैच्या पहिल्या शनिवारी त्याची मिरवणूक निघते, पेसलीतल्या चार्ल्सटन भागाचा ढोल पुढे असतो, आणि 'कॉर्क', म्हणजे मालकाचा पुतळा जाळला जातो. पाऊस असतोच.

त्याच काळात श्रीनगरात काय चालले होते? तिथला विणकर लाकडी कण्यांवर गुंडाळलेले रंगीत धागे तालीम, म्हणजे नक्षीचा सांकेतिक लिपीतला कागद, वाचून एकमेकांत अडकवत होता, एकेका शालीला महिने आणि वर्षे लागत होती, आणि शालीवरच्या 'दाग-शाल' करामुळे त्याच्या हाती जेमतेम पोटापुरते उरत होते. खोरे सोडून जायलाही त्याला बंदी होती, तरी कित्येक जण लुधियाना आणि अमृतसरकडे पळाले. 29 एप्रिल 1865 रोजी श्रीनगरच्या झालडगर भागात विणकर या कराविरुद्ध जमले, तेव्हा महाराजांच्या शिपायांनी त्यांना रेटत कालव्यात ढकलले आणि किमान 28 जण मेले. पुढे 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात पॅरिसची मागणी आटली, इकडे झग्यांची फॅशन बदलून शाली पेटीत गेल्या, आणि काश्मीर व पेसली दोन्हीकडचे माग जवळपास एकाच वेळी बसले. कोयरीवरचा पैसा कोणी खाल्ला हे विचारायचे तर ते दोन्ही ठिकाणी विचारावे लागेल. आमच्या ग्रुपवर ते एकाच ठिकाणी विचारले जाते, कारण तिथे विचारणे सोपे आहे.

याहून जवळची गोष्ट पैठणीची आहे. येवल्याची हातमागाची पैठणी आणि काश्मीरची कणी शाल यांत नक्षीचे तंत्र मुळात एकच आहे: नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि शेजारचे दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत गुंतवले जातात. म्हणून पदर उलटला तरी मोर मोरच दिसतो. जॅकार्डवर मात्र रंगाचा धागा मागून पदरभर धावतो आणि नको तिथे लोंबतो. पेसलीत तो कातरून टाकत, आपल्याकडे तो कातरतात किंवा मागे जाळीचे अस्तर लावून झाकतात. येवल्याच्या हातमागावर साध्या पदराला काही आठवडे आणि भरगच्च पदराला वर्षभरही लागते, आणि दुकानात त्याच्या शेजारी तेच मोर, त्याच कोयऱ्या आणि तोच नारळी काठ यंत्रमागावर विणून फारच कमी किमतीत टांगलेले असतात. पेसलीने काश्मीरचे जे केले तेच आपण येवल्याचे करत आहोत, फरक एवढाच की तेव्हा मध्ये समुद्र होता आणि आता एक काचेचे कपाट आहे. पैठणीलाही मानांकन आहे, पण गिऱ्हाइकाने पदर उलटून पाहिलाच नाही तर ते मानांकन कागदावरच राहते.

हे मी ग्रुपवर लिहिले. मावसबहिणीच्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि तिने नुकताच एका पैठणीचा फोटो टाकला होता, तेव्हा मागची बाजू दाखव म्हणाले. मागे जाळी होती. हातमागाचीच घे, वरचे पैसे मी देते, असे सुचवल्यावर तिने जे उत्तर दिले त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही: "पौंडांत पगार घेऊन तत्त्वं परवडतात, ताई." पेसलीच्या नकला घेणाऱ्या बायकांनाही हेच म्हणता आले असते, कारण काश्मिरी शाल त्यांना कधीच परवडणार नव्हती. तरीही माझे म्हणणे मी सोडत नाही. यंत्रमागाची साडी नेसण्यात गैर काही नाही. ती नेसून दुसऱ्याला चोर म्हणण्यात आहे, आणि ती हातमागाची म्हणून विकण्यात तर आहेच.

घरी आई अँकरचे दोरे वापरून उशांच्या अभ्र्यांवर कोयऱ्या भरायची. ते अँकर इथल्या क्लार्क घराण्याच्या अँकर मिलचे. नेपोलियनच्या नाकेबंदीत रेशीम मिळेना, तेव्हा शालीच्या मागावर ताणा ओवायच्या दोऱ्या कशाच्या करायच्या या अडचणीतून या घराण्याने पिळाचा सुती दोरा काढला आणि पुढे तो जगभर शिवणाचा दोरा म्हणून खपला. 1896 मध्ये ही मिल पेसलीच्याच कोट्स या दोऱ्याच्या कंपनीच्या धंद्यात मिसळली, आणि मदुरा कोट्सच्या मार्फत तो दोरा नाशिकच्या मेन रोडवर पोहोचला. मिलमध्ये आता फ्लॅट आहेत. तिच्यावरून जाताना हे गाव आपलेच आहे असे मला दर वेळी वाटते, आणि असे वाटण्याचा मला कितपत अधिकार आहे हेही दर वेळी मनात येते. नाशिकला मी "आमच्याकडे पेसलीत" असे बोलते आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बदललेले पाहते. इथे मात्र कोणी गळ्यातल्या स्कार्फकडे बोट दाखवून "ही नक्षी मूळची तुमचीच ना?" असे विचारले की जो दावा मी ग्रुपवर खोडून काढते तोच ताठ मानेने करते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी होती, मागाला कोणी हात लावलेला नाही, तरीही.

गेल्या मिरवणुकीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाच प्रश्न विचारला. त्यांची आजी अँकर मिलमध्ये कामाला होती. या वेळी मी कोयरीऐवजी झालडगरचे सांगितले, तुमच्या स्मा शॉटनंतर नऊ वर्षांनी असे झाले म्हणून. त्यांनी विचारले, "तो कर आमच्या लोकांनी लावला होता का?" काश्मीरवर सत्ता इंग्रजांच्या मर्जीनेच चालत होती हे मी सांगू शकले असते आणि तेही खोटे नव्हते. पण कर इंग्रजांनी बसवलेला नव्हता, आणि नक्षी आमची म्हणायची तर तो वसूल करणारेही आमचेच म्हणायला हवे होते. "नाही, राजा आमचाच होता," मी म्हणाले. "म्हणजे कॉर्क तुमच्याकडेही होते तर," असे म्हणून त्यांनी छत्री माझ्याकडे सरकवली, आणि आम्ही ढोलाच्या मागे हाय स्ट्रीटवर वळलो.