एक गोल चुकला आणि पुढचे सगळे सरकले

लेकीची पाचवीची स्कॉलरशिप परीक्षा होती. वर्षभर क्लास, दर रविवारी सराव पेपर, सगळं यथासांग. दुसऱ्या पेपरात २३ नंबरचा प्रश्न येईना म्हणून तिने सोडला, पण ओएमआर शीटवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, त्याच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्याच ओळीत काळं केलं, मग काय, तिथून सगळे गोल एकेक घर वर सरकले. शेवटी ७५ नंबरची ओळ रिकामी राहिली तेव्हा बाईसाहेबांच्या लक्षात आलं. बॉलपेनचे गोल, खोडणार कसे!

घरी आली ती ढसाढसा रडतच. आणि मी काय करावं? लगेच प्रवचन सुरू, अगं किती मुलांना शाळेतही जाता येत नाही, आपण किती लकी वगैरे. ती म्हणाली, "आई, तू गप्प बस ना!" बरोबरच होतं तिचं. रडणाऱ्या पोराच्या तोंडात कृतज्ञता कोंबू नये एवढं मला तेव्हा कळलं.

कॉलेजात सायकॉलॉजीला जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाचा १९८६ सालचा प्रयोग शिकलेला. विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं मनाला लागलेलं लिहायला लावलं. लिहून झाल्यावर मूड उलट बिघडायचा, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. आता ती कॉलेजची मुलं, दहा वर्षांच्या पोरीला तेच औषध लागू पडेल असा माझा दावा नाही. तरी एक जुनी वही दिली. अट एकच, मी वाचणार नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ तर अजिबात तपासणार नाही. (आपल्याकडे मुलाने चार ओळी लिहिल्या की आधी लाल पेन निघतो, मग ती "माझी आई"चा पाठ केलेला निबंधच लिहिणार ना.)

दोन दिवसांनी तिनेच एक पान दाखवलं. "मी मूर्ख नाही. २३ नंबर मूर्ख आहे." त्याखाली तिचं तिनेच शोधलेलं, प्रश्न सोडला की त्या ओळीपुढे पेन्सिलीने बारीक टिंब काढायचं. वर्षभराच्या क्लासात हे कुणी सांगितलं नव्हतं!

कुणाकुणाला थँक्यू म्हणायचं त्याची यादी करायचा विषय मी मुद्दाम आठवडाभर काढलाच नाही. मग रविवारी तिनेच लिहिली, तीन ओळी.

सुपरविजनच्या मॅडमनी पाणी दिलं.
रिक्षावाल्या काकांनी पेपर कसा गेला विचारलं नाही.
आई नंतर गप्प बसली.