एफडी मोडू नकोस, मावशी

डोंबिवलीच्या मावशीने काल एक फॉरवर्ड पाठवला. सार असं: गुंतलेल्या, म्हणजे मोजमापांत एकमेकांशी नातं ठेवणाऱ्या, फोटॉनांपैकी (प्रकाशाच्या कणांपैकी) एक मुंबईत, दुसरा न्यूयॉर्कला ठेवला की मेसेज शून्य सेकंदात पोचतो, फायबर, टॉवर भंगारात जाणार, बँकांचे पासवर्ड फुटणार, म्हणून एफडी मोडा. हे लिहिणाऱ्याने लेसर तरी पाहिलाय का?

आधी ते शून्य सेकंद. ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा लेसर बीबीओ नावाच्या खास स्फटिकावर सोडला की कोट्यवधींतला एखादा फोटॉन फुटून ८१० चे दोन होतात. समजा, त्यातला एक कुलाब्याला नेला, एक कल्याणला. कुलाब्यात हाफ-वेव्ह प्लेट नावाची चकती २२.५ अंश फिरवली की ध्रुवीकरण (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) मोजायचा अक्ष ४५ अंशांनी वळतो. कल्याणला काय कळतं? काहीच नाही. तिथले दोन डिटेक्टर आधीही निम्मेनिम्मे वाजत होते, नंतरही तसेच वाजतात. नातं दिसतं ते दोन्हीकडच्या नोंदी नॅनोसेकंदांपर्यंत वेळ जुळवून शेजारी ठेवल्यावर. आणि कुलाब्याची नोंदवही कल्याणला जाणार कशी? फोनने, फायबरने, नाहीतर फास्ट लोकलने.

"कल्याणच्या फोटॉनच्या हजार प्रती काढा, मग कुलाब्यात अक्ष वळवला का ते कळेल" ही पळवाटही जुनीच. निक हर्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञाने लेसर-प्रवर्धक (प्रकाश वाढवणारा ॲम्प्लिफायर) वापरून नेमकं हेच सुचवलं होतं. १९८२ साली वूटर्स आणि झुरेक या भौतिकशास्त्रज्ञांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं की अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत निघतच नाही. प्रवर्धकात प्रतींबरोबर आपोआप सुटणारे भलतेच फोटॉन मिसळतात आणि हवी ती खूण बुडते. विषय तिथेच संपला होता.

टेलिपोर्टेशन, म्हणजे एका कणाची क्वांटम अवस्था दूरच्या दुसऱ्या कणावर उतरवणं, होतं, मान्य. पण त्यातही प्रत्येक क्यूबिटमागे (क्वांटम माहितीच्या एककामागे) दोन बिट साध्या वाटेनेच पाठवावे लागतात.

फायबर भंगारात? उलट तीच तर अडचण आहे. १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डेसिबल घट धरली तर १५० किलोमीटरच्या केबलमधून हजारातला एक फोटॉन बाहेर येतो. आणि प्रत निघत नाही म्हणून मध्ये नेहमीचा ॲम्प्लिफायर बसवताही येत नाही.

पासवर्डबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. चुका सुधारणारा मोठा क्वांटम संगणक आला तर आजचं आरएसए, म्हणजे इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करायची एक पद्धत, तुटेल. पण २०२० सालच्या चीनच्या 'जिउझांग' या क्वांटम यंत्राने ७६ फोटॉन टिपून केलं ते बोसॉन सॅम्पलिंग, म्हणजे फोटॉन कुठून बाहेर पडतात त्याचे नमुने काढणं; त्याने कुठलंच कुलूप उघडत नाही. शिवाय क्वांटमला पुरून उरावीत म्हणून आखलेली कुलपांची नवी मानकं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने २०२४ मध्येच जाहीर केली आहेत. ती बसवणं हे बँकेचं काम. मुदतीआधी एफडी मोडलीस तर व्याज मात्र तुझं कापलं जाईल.