चित्रांच्या दालनात जॅझ वाजवायचा असेल तर

सोलापुरात चित्रप्रदर्शन आणि लाइव्ह जॅझ असा एकत्र कार्यक्रम करू बघणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय. कोपऱ्यात बँड वाजतोय, लोक चहाचा कप घेऊन गप्पा मारत चित्रांपुढून फिरताहेत, हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. त्यात चित्रं कुणी बघत नाही आणि वाजवणाऱ्याकडेही कुणाचं लक्ष नसतं.

सुरुवात चित्रांच्या निवडीपासून. सॅक्सोफोन वाजवणारा माणूस काढला की जॅझचं चित्र झालं, ही समजूत आधी सोडा. डच चित्रकार मोंद्रियानच्या 'ब्रॉडवे बूगी वूगी'मध्ये (१९४२-४३) ना वाद्य आहे ना वादक. पिवळ्या पट्ट्या, त्यांवर लाल, निळे, करडे चौकोन, आणि नजर एका चौकोनावरून दुसऱ्यावर अशी उडत जाते की ठेका आपोआप धरला जातो. अमेरिकी चित्रकार रोमेर बेअर्डनला दुसरा चित्रकार स्टुअर्ट डेव्हिस याने जॅझ पियानोवादक अर्ल हाइन्सचा पियानो ऐकायला सांगितलं होतं, तेही दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेसाठी. बेअर्डनच्या कोलाजमध्ये, म्हणजे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांत, ती जागा दिसते. उलट फ्रेंच चित्रकार मातीसच्या 'जॅझ' या पुस्तकात (१९४७) २० चित्रं आहेत आणि त्यांतली बरीचशी सर्कशीची. तरी कापलेल्या रंगीत कागदांचे ते आकार बघताना उत्स्फूर्तपणा म्हणजे काय ते कळतं. आपल्याकडच्या चित्रकारांना काम सांगताना हेच सांगा: वाद्य काढू नका, लय काढा.

या जुन्या चित्रांच्या प्रिंट सोबत लावता येतात. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मोंद्रियान १९४४ मध्ये गेला, मातीस १९५४ मध्ये, त्यामुळे ते दोघे मोकळे. बेअर्डन १९८८ मध्ये गेला, त्याचं काम परवानगीशिवाय छापू नका. मोंद्रियानचं मूळ चित्र १२७ बाय १२७ सेंटीमीटर आहे, प्रिंटही तेवढीच काढा आणि मॅट कॅनव्हासवर काढा. चकचकीत फ्लेक्सवर दिव्याची तिरीप पडते आणि निम्मं चित्र दिसतच नाही.

आता हॉल. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि सगळ्यात कमी विचारही इथेच होतो. समजा १२ मीटर लांब, ८ रुंद, ४ उंच असा प्लास्टरच्या भिंतींचा, फरशीचा रिकामा हॉल आहे. त्यात टाळी वाजवली तर आवाज पूर्ण विरायला चार सेकंदांच्या वर लागतात. ६० माणसं आत आली की तो काळ दीड सेकंदापर्यंत उतरतो, पण ड्रम असलेल्या बँडला तेवढाही जास्तच. एक सेकंदाच्या आसपास आला तर प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. नाहीतर ड्रमची झांज आणि सॅक्सोफोन यांचा नुसता गोंगाट होतो. मग साउंडवाला आवाज वाढवतो, गोंगाट आणखी वाढतो.

उपाय आपल्या गावातच विणला जातो. जाड सोलापुरी चादर, साधारण ५ बाय साडेसात फुटांची. भिंतीला सपाट चिकटवली तर फारसा उपयोग नाही. भरपूर चुण्या घालून, म्हणजे रुंदी निम्मी होईल अशी, भिंतीपासून चार बोटं पुढे दांडीवर टांगायची. हवा चुण्यांमधून आणि मागच्या पोकळीतून जाते, तिथे आवाज जिरतो. दोन्ही आखूड भिंतींवर अडीच मीटर उंचीपर्यंत टांगायला मिळून साधारण २४ चादरी लागतील. नक्षी चित्रांशी भांडते, म्हणून एकाच गडद रंगाच्या घ्या आणि चित्रं लांब भिंतींवर लावा. बास ड्रमची धमधम मात्र चादरीने जात नाही. त्यासाठी ड्रमच्या पोटात एक चादर घडी करून ठेवा, खाली सतरंजी अंथरा आणि ड्रमरला काठ्यांऐवजी तारांचे ब्रश वापरायला सांगा.

चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवा. प्रत्येक फ्रेमला दोन खिळे, आणि खालच्या दोन कोपऱ्यांत मागून रबराचे तुकडे. एवढं केलं नाही तर बासच्या एका ठरावीक सुरावर फ्रेम भिंतीवर खडखडते, आणि नेमकी शांत जागा आली की तेच ऐकू येतं.

वादक मुंबई-पुण्याहूनच आणायला हवेत असं नाही. लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले दमदार असतात. त्यांना बारा मात्रापट्ट्यांचा (एका पट्टीत चार ठोके) ब्लूज, म्हणजे जॅझमधला एक मूळ साचा, शिकवा: पहिल्या चार पट्ट्या षड्जाच्या कॉर्डवर, दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर, मग पंचमावर एक, मध्यमावर एक, शेवटच्या दोन षड्जावर. कीबोर्डचा बी फ्लॅट षड्ज म्हणून घेतला की ट्रम्पेटवाल्याला सी मध्ये आणि आल्टो सॅक्सोफोनवाल्याला जी मध्ये वाजवावं लागतं, दोघांनाही सोयीचं. मिनिटाला १२० ठोके या लयीत एक आवर्तन २४ सेकंदांत संपतं. अडचण सुरांची नसते, वजनाची असते. वरातीत जोर पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर पडतो, इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्यावर. ही सवय मोडायला रोजच्या तालमीचे दोन-तीन आठवडे हवेत, आणि त्या तालमींचे पैसे वेगळे द्या.

पहिला अर्धा तास संगीत अजिबात नको, लोकांना चित्रं बघू द्या. मग २० मिनिटं वादन, १५ मिनिटं शांतता, असं तीन वेळा. प्रत्येक वादन दोन-तीन ठरावीक चित्रांसाठी, आणि त्या वेळी दिवे फक्त त्यांच्यावर. खुर्च्यांच्या रांगा मांडल्या की लोकांची पाठ चित्रांकडे होते, म्हणून फिरवता येतील अशी स्टुलं ठेवा. दिव्यांचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारी बटणं) आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर घेऊ नका, गिटारमध्ये घरघर येते.

तारीख पौषात ठरवा. लग्नं नसतात, बँडवाले मोकळे असतात, उकाडाही नसतो. फक्त सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सोडून. उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद करावाच लागतो; बंद हॉलला सूट असली तरी तोवर आटोपलेलं बरं, म्हणून दारं साडेसहाला उघडा.