शेऱ्याच्या रकान्यात ४१२!

तीन आठवडे झाले, एका आकड्याने माझं डोकं उठवलंय. ४१२.

तालुक्याच्या गावातलं एक जुनं वाचनालय. त्यांच्या पुस्तकांच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं काम माझ्याकडे आलं. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, सगळं जागच्या जागी. आणि ‘शेरा’ या रकान्यात नुसते आकडे. एका पुस्तकापुढे ४१२, पुढच्याला ४१३, त्याच्या पुढच्याला ४१५. इतकी वर्षं हे कुणालाच खटकलं नाही? विचारलं तर म्हणे, कपाटाचा नंबर असेल. कपाटं अठरा आहेत हो तुमच्याकडे!

तो शेरा नाहीच. तो शेऱ्याचा पत्ता आहे. मूळ काम डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ या नोंदी ठेवायच्या जुन्या प्रोग्राममध्ये झालेलं. त्यात साधा रकाना २५४ अक्षरांच्या पुढे जात नाही, म्हणून मोठा मजकूर मेमो रकान्यात टाकायचा. तो मजकूर डीबीएफ या नोंदींच्या मुख्य फाइलीत राहतच नाही. तो शेजारच्या एफपीटी फाइलीत राहतो आणि डीबीएफमध्ये दहा अक्षरांच्या जागेत फक्त ब्लॉकचा, म्हणजे एफपीटीतल्या कप्प्याचा, नंबर असतो. नावाला दोन फायली, पण वस्तू एकच. आणि ज्याने ज्याने ‘डेटा’ कॉपी केला, त्याने फक्त डीबीएफ उचलली!

त्याहून संताप ती एकटी डीबीएफ उघडणाऱ्या पुढच्या माणसाचा. एफपीटी नसेल तर फॉक्सप्रो ती फाइल उघडतच नाही, मेमो फाइल सापडत नाही म्हणून अडून बसतं. ते बरोबरच करतं! या गृहस्थाने काय करावं? डीबीएफचा पहिला बाइट एफ५ चा ०३ केला, म्हणजे ‘सोबत मेमो फाइल नाही’, रकान्याचा प्रकार मेमोचा साधा मजकूर केला, आणि उघडली फाइल. झालं काम, काढा बिल. ‘दुसरी फाइल कुठे आहे?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर तेव्हा ती मिळाली असती. आणि त्याने सरळ मार्गाने केलं असतं तरी भरवसा नव्हताच, कारण फॉक्सप्रोतून स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल काढली की मेमो रकाने गुपचूप गळतात. एक अक्षर इशारा नाही.

शेवटी जुन्या कपाटाच्या खणात एका सीडीवर एफपीटी सापडली. वाटलं, सुटलो. कसलं काय! पहिल्या टूलने ब्लॉक ५१२ बाइटांचा धरला, डीबेस थ्री या त्याआधीच्या प्रोग्रामसारखा. फॉक्सप्रोत तो एरवी ६४ चा असतो आणि खरं माप एफपीटीच्या मथळ्यातच, फाइलीच्या सुरुवातीलाच, लिहिलेलं असतं. वाचा ना ते! ४१२ गुणिले ६४ म्हणजे २६,३६८ व्या बाइटवर जायचं, हे निघालं दोन लाखांच्या पुढे. दुसरं टूल जागेवर पोचलं, पण तिथे लिहिलेली शेऱ्याची लांबी उलटी वाचली. डीबीएफमधले आकडे लहान बाइट आधी असे लिहिलेले, एफपीटीतले मोठा बाइट आधी. एकाच प्रोग्रामच्या दोन फायलींत दोन तऱ्हा! ४८ बाइटांचा शेरा त्याने ८० कोटी बाइटांचा ठरवला आणि मेमरी संपली म्हणून मेलं.

मग मीच पायथनमध्ये वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. मजकूर आला, तर सगळा ³ आणि असल्याच चिन्हांचा चिखल. ते ³ म्हणजे आपला ‘क’. संगणकात बसवायच्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या कार्डावर टाइप केलेली मराठी, इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतातली, आणि पायथनला इस्की मुळात माहीतच नाही. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, तो तक्ता हाताने भरला. रात्री पावणेदोनला ४१२ उघडला:

‘पाने ६१ ते ६८ गहाळ, वाचकाने हाताने उतरवून जोडली.’

हे टाकून दिलं होतं लोकांनी! कुणीतरी बसून आठ पानं हाताने उतरवली, ग्रंथपाल बाईंनी त्याची नोंद ठेवली, आणि आपण किंमत ३५ रुपये तेवढी जपली. पुढे देणग्यांचे शेरे आहेत, कुणाच्या स्मरणार्थ पुस्तक आलं ते आहे, कुठली प्रत बाहेर द्यायची नाही ते आहे. आकडे म्हणजे डेटा आणि माणसाने लिहिलेलं वाक्य म्हणजे अडगळ, हे कुणी शिकवलं यांना?

आणि अजून संपलेलं नाही. सीडी आधीची, डीबीएफ नंतरची. शेवटच्या जवळजवळ तीनशे पुस्तकांचे ब्लॉक नंबर या एफपीटीच्या टोकाच्या पलीकडे जातात. नंबर समोर दिसतोय आणि फाइल तिथवर पोचतच नाही. नंतरची एफपीटी ज्या मशीनवर होती ते भंगारात गेलंय. बाईंना उद्या फोन करणार आहे, त्या तीनशे पुस्तकांतलं काय काय आठवतंय ते विचारायला.