मूर्तींचं नाव कुठंय?

सकाळपासून ते रील सगळ्या ग्रुपवर फिरतंय. ‘वक्त ने किया’ गाण्याचं. रंगवलेलं, आणि शिवाय उभं कापलेलं! अहो, हे गाणं ‘कागज़ के फूल’मधलं (१९५९), आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा चित्रपट. त्या रुंद पडद्यावर एकीकडे तो, लांब दुसरीकडे ती, मध्ये रिकामा स्टुडिओ आणि वरून उतरणारा उन्हाचा झोत. त्या दोघांमधलं अंतर म्हणजे ते गाणं. तेच कापलंत. खाली गुरुदत्त, वहिदा, गीता दत्त, कैफी, सचिनदा, सगळ्यांची नावं. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींचं नाही.

आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. वीज गेली की मला आरसा देऊन अंगणात उभं करायचे. आतल्या गिऱ्हाइकाच्या गालावर ऊन पडेपर्यंत “डावीकडे घे... थोडा खाली” चालायचं. तोवर ऊन सरकलेलं. हात भरून यायचे.

मूर्तींनी तो झोत असाच आणला. एक मोठा आरसा बाहेर उन्हात, दुसरा आत वर. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला बाबाच आठवले. आमच्या आरशाने एक गाल उजळायचा, या माणसाने अख्खा फ्लोअर उजळला!

कल्पना गुरुदत्तची, दिग्दर्शक तो, मान्य. पण पडद्यावर ती उतरवली कुणी? ‘जाल’पासून (१९५२) त्याच्या सावल्या कुणी सांभाळल्या? ‘साहिब बीबी और गुलाम’मधला हवेलीतला अंधार कुणाचा? १९६४ला गुरुदत्त गेले, मूर्ती काम करत राहिले. गोविंद निहलानी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे त्याच निहलानींच्या ‘तमस’साठी मूर्तींनी कॅमेरा धरला. श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ मालिका रविवारी घरोघरी लागायची, तिथेही कॅमेरा मूर्तींचाच. २००८चा फाळके पुरस्कार मिळाला, कॅमेरामनला पहिल्यांदाच. इतका उशीर का, हे कुणी विचारलं नाही. २०१४ला बंगळूरमध्ये गेले.

रीलमुळे पोरं निदान गाणं तरी ऐकतात म्हणे. असेल. ऐकू देत.

बाबा फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का मारायचे. गल्लीतल्या पासपोर्ट फोटोलासुद्धा. लोकांना कळायला हवं ना, कुणी काढलाय ते. इथे तर मूर्ती आहेत!

रील करणाऱ्याला लिहिलंय, नाव टाका म्हणून. तुम्हीही लिहा. आणि पोरांना एकदा तरी पूर्ण रुंदीत, काळंपांढरंच दाखवा.